डॅग्नीने निवडलेलं माप

डॅग्नी रुस्टाडने आयुष्यात एकदाही बंदूक चालवलेली नाही. आमच्या कॉटनवुड फ्लॅटमध्ये ही गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण इथे सत्तरीच्या बायकाही नोव्हेंबरात शिकारीचा हंगाम उजाडला की नवऱ्याच्या आधी बूट घालून तयार असतात. डॅग्नीला विचारलं तर ती म्हणते, मला तो आवाज सोसत नाही, आणि सगळेच डोंगरात गेले तर परत आल्यावर खायला कोण घालणार? एकतीस वर्षं ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. गावातले निम्मे लोक तिच्या हातचं खाऊन मोठे झाले, आणि अजूनही ती समोरून येताना दिसली की चांगले मिशीवाले बाप्ये ताटातलं संपवल्यासारखा चेहरा करतात.

मी वेंडेल. मुख्य रस्त्यावर खिळे, बियाणं, मासे पकडायचे परवाने आणि बंदुकीची पावडर एकाच छपराखाली मिळते, ते दुकान माझं. शाळेत मी डॅग्नीच्या दोन वर्षं मागे होतो आणि ती आजही मला दोन वर्षं मागेच समजते. दुकानदाराला गिऱ्हाईकाने अक्कल शिकवलेली आवडत नाही, मला तर मुळीच नाही. तरी ही हकिकत मी सांगतोय, कारण ती मी पाहिली, आणि तिच्यात माझी जी शोभा झाली ती दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगितलेली बरी.

डॅग्नीचा नवरा एनार. अडतीस वर्षं धान्याच्या कोठारावर काट्यापाशी बसला. गव्हाने भरलेला ट्रक काट्यावर चढायचा, एनार वजन बघायचा, चिठ्ठी लिहायचा, आणि त्या चिठ्ठीवर कुणी कधी वाद घातला नाही. घरी तळघरात त्याचं दुसरं वजनकाम चालायचं. शिकार झाली की आमच्याकडे काडतुसाची पितळी पुंगळी कुणी फेकत नाही. सगळे ती खिशात टाकतात आणि वर्षभरात कधीतरी एनारकडे नेऊन देतात. तो ती साफ करायचा, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायचा, आत पावडर भरायचा, वर गोळी दाबायचा, आणि ऑक्टोबरात प्रत्येकाला वीस वीस काडतुसांची खोकी परत मिळायची, खोक्यावर पेन्सिलीने नाव. पावडर मोजायची त्याची रीत म्हणजे लहान चमचा आणि जुनी दांडीची तागडी. चमच्याने थोडी कमीच घालायची, मग दोन बोटांत एक बारीक नळी फिरवत उरलेले कण एकेक करून पाडायचे, दांडी मधल्या रेघेवर येऊन थांबेपर्यंत. वीस काडतुसांना संध्याकाळ जायची. त्याला घाई कधीच नव्हती.

दोन वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. हात मांडीवर स्वस्थ ठेवला तर जास्तच हलायचा. ती दोन बोटांतली नळी आता कण पाडायच्या ऐवजी मूठभर ओतायची. एनार परत पहिल्यापासून सुरू करायचा. तरी गेल्या ऑक्टोबरात त्याने सगळी खोकी दिली.

नोव्हेंबरात त्याची मुलगी सोल्वेग हरणाच्या मागे गेली होती. ती बिलिंग्जला मोठ्या इस्पितळात नर्स आहे, पण शिकारीला दरवर्षी घरी येते. तिने चाप ओढला आणि बार उडायच्या ऐवजी नुसतं फुस्स झालं. एका पुंगळीत पावडरच नव्हती. टोपीच्या जोराने गोळी बंदुकीच्या नळीत अर्ध्यावर जाऊन अडकली होती. बापाचीच शिकवण, म्हणून ती तिथेच थांबली आणि बंदूक उघडून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते तिने पाहिलं. नुसता अंधार होता. घाईत तिने दुसरं काडतूस चालवलं असतं तर नळी तोंडासमोर फुटली असती.

झालं होतं असं, की भरताना पावडर सांडली, एनार ती पुसत बसला आणि एक पुंगळी रिकामीच राहिली. गोळ्या बसवायच्या आधी सगळ्या पुंगळ्यांत टॉर्च मारून बघायचा त्याचा नेम होता. त्या दिवशी हातातली टॉर्च इतकी हलायला लागली की तो चिडला आणि त्याने ती ठेवून दिली. हे त्याने स्वतःच सोल्वेगला सांगितलं. नाताळात ती म्हणाली, बाबा, आता पुरे. एनारने दुसऱ्याच दिवशी तळघरातल्या काडतुसं भरायच्या बाकावर चादर टाकली, आणि त्यानंतरचा सगळा हिवाळा खिडकीशी बसून काढला. मी दोनदा पत्ते खेळायला गेलो. दोन्ही वेळा तो हरला आणि हरल्याचं त्याला काही वाटलं नाही, तेव्हा मला काळजी वाटली.

एप्रिलच्या शेवटी, रस्त्याकडेचा बर्फ काळा होऊन वितळत असताना, डॅग्नी दुकानात आली. तिने पिशवी काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, "पावडर मोजायची जेवढी मापं तुझ्याकडे आहेत तेवढी सगळी काढ."

मी म्हटलं, सगळी कशाला, एकच काढतो. आणि माझ्याकडचं सगळ्यात महागडं यंत्र पुढे ठेवलं. आकडा दाबायचा आणि बसून राहायचं, यंत्र स्वतःच पावडर पाडतं, स्वतःच तोलतं आणि झालं की टिंग करतं. मी मोठ्या हौशीने ते चालवून दाखवलं. डॅग्नीने पूर्ण पाहिलं आणि विचारलं, "सगळं हेच करणार, तर एनारने काय करायचं? बाजूला बसून टाळ्या वाजवायच्या?"

मी म्हटलं, अगं, पण चुकणार नाही ना. त्यावर ती म्हणाली की चूक होऊ नये एवढंच हवं असतं तर दुकानातून तयार काडतुसं नेली असती, त्यासाठी तुझं तोंड कशाला बघितलं असतं. यंत्र मी मुकाट्याने बाजूला ठेवलं. मग मोजायच्या चमच्यांचा संच काढला. प्लॅस्टिकचे पंधरा चमचे, प्रत्येकात ठरावीक पावडर मावते. तिने एक चमचा दोन बोटांत धरला आणि लगेच खाली ठेवला. म्हणाली, याची बोटंच तर ऐकत नाहीत. सदऱ्याची बटणं मी लावते हल्ली.

उरली ड्रमची मापं. वर पावडरीचं उभं भांडं, खाली लोखंडी पोटात फिरणारा ड्रम, त्यात खाच. दांडा वर केला की खाच भरते, खाली ओढला की तेवढी पावडर पुंगळीत पडते. माझ्याकडे अशी पाच होती. डॅग्नीने पाचही काउंटरला पकडीने बसवायला लावली आणि एकेकाचा दांडा ओढत सुटली, दहा दहा वेळा, गिऱ्हाईकं मागे उभी. एकाचा दांडा आखूड निघाला, तो मनगटातून फिरवावा लागतो म्हणून नको. एक हलकं होतं, ओढलं की सगळंच डुलायचं. एकाचं भांडं काळपट, आत किती उरलंय ते दिसेना. चौथ्याच्या दांड्याची मूठ बोराएवढी. मला हसू आलं. बंदुकीला हात न लावलेली बाई माझ्या दुकानात उभी राहून माझ्याच मालाला नाकं मुरडत होती, आणि मागे उभा असलेला टपालवाला मान डोलावत होता.

पाचवं माप तिने पुन्हापुन्हा ओढून पाहिलं. बिडाचं, जडशीळ, दांडा हातभर लांब, मूठ लाकडी. "हे खांद्यातून ओढता येतं," ती म्हणाली.

मी विचारलं, त्याने काय होतं?

तेव्हा तिने सांगितलं. परसात त्यांचा जुना हातपंप आहे. मार्चमध्ये नळ गोठले होते तेव्हा एनार पंपावर बादल्या भरत होता आणि ती खिडकीतून बघत होती. कप धरला तर अर्धी कॉफी बशीत जाते त्याची. पंपाचा दांडा मात्र तो एका लयीत ओढत होता आणि हात जरा म्हणून हलत नव्हता. तिने कॉफीची जुनी हातचक्की माळ्यावरून काढून त्याच्यापुढे ठेवली. तिथेही हात स्थिर. मग रोज काही ना काही ओढायला, फिरवायला दिलं आणि बघितलं. लहान काम बिघडतं, मोठं बिघडत नाही. "मी त्याला सांगितलं नाही," ती म्हणाली. "सांगितलं असतं तर ऐट दाखवायला जाऊन बिघडवलं असतं त्याने."

ते माप ती पिशवीत घालून, पिशवी पोटाशी धरून घेऊन गेली. मी गाडीपर्यंत नेऊन देतो म्हटलं तर म्हणाली, दुकान सांभाळ.

एनारला ते आवडलं नाही. ड्रम खोटं बोलतो, असं त्याचा बाप म्हणायचा, आणि रुस्टाडांच्या घरी बाप म्हणायचा ते भिंतीत गाडलेल्या खिळ्यासारखं असतं. बापाने का म्हटलं ते कुणी विचारलं नव्हतं. पण डॅग्नीने माप आणून बाकावर ठेवलं आणि चादर काढून धुवायला टाकली. मग तिने सोल्वेगला फोन केला. काय बोलणं झालं ते मला डॅग्नीकडूनच कळलं. सोल्वेग आधी चिडली आणि शेवटी तिने एक अट घातली. बाबांनी माझ्यादेखत लागोपाठ दहा मापं टाकायची. दहाही तोलायची. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत दोन दशांश ग्रेनपेक्षा जास्त फरक आला तर बाक कायमचा बंद, आणि मग आईनेही हट्ट करायचा नाही. ग्रेन हे आमचं पावडरीचं वजन, आणि त्याचा दहावा भाग म्हणजे चिमटीतही येणार नाही इतके कण. अट कडक होती, पण अन्यायाची नव्हती. नळीत अडकलेली गोळी तिने पाहिली होती.

मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी दहाला, सगळे माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत जमले. तिथे माझा भक्कम बाक आहे आणि चांगला विजेचा काटा आहे. सोल्वेग अडीच तास गाडी चालवून आली होती आणि तिच्या डोळ्यांखाली रात्रपाळी दिसत होती. डॅग्नीने रूबार्ब-पाय, आंबट देठांचं गोड सारण भरलेला, भाजून आणला होता. तो कुणी कापला नाही. एनारने इस्त्रीचा शर्ट घातला होता.

माप बाकाला बसवलं. एनारने खिशातून आपल्या पावडरीचा डबा काढला. चाळीस वर्षं तो एकच पावडर वापरतो, लांबट काळ्या कांड्यांची, आणि तिच्याबद्दल वाईट बोललेलं त्याला चालत नाही. भांडं भरलं, तो उभा राहिला, दांडा वर केला आणि खाली ओढला.

पहिलं माप. मी तोललं, सोल्वेगने कागदावर लिहिलं. दुसरं तीन दशांशांनी जास्त आलं. तिसरं कमी. चौथ्याला दांडा मध्येच अडला, आत काहीतरी कुरकुरलं, एनारने जोर लावून तो खाली आणला. आम्ही तिघंही त्याच्या हाताकडे बघत होतो. तो प्रत्येक खेपेला दांडा सोडून हात खाली सोडायचा, हात थरथरायला लागायचा आणि आम्हाला वाटायचं, हे बघा, हाच हात चुकवतोय. दहावं माप झालं तेव्हा सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत आठ दशांशांचा फरक होता. दोन नाही, आठ.

सोल्वेगने पेन खाली ठेवलं. एनारने टोपी घातली. "झालं," तो म्हणाला. "बघितलंत ना सगळ्यांनी." आवाजात राग नव्हता. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. तो दाराकडे वळला.

"एनार, बस," डॅग्नी म्हणाली. "सोल्वेग, आता तू ओढ."

सोल्वेग म्हणाली, आई, कशाला हे. डॅग्नी म्हणाली, तुझा हात चांगला आहे ना, पोराटोरांच्या शिरा शोधून सुया टोचतेस. दहा वेळा ओढ. आईशी वाद घालायचा नाही हे सोल्वेगला शाळेच्या रांगेत उभी राहायची तेव्हापासून माहीत आहे. ती उठली. तिने दांडा वर केला, खाली ओढला. मी तोललं. यावेळी आकडे डॅग्नीने लिहिले. पाचव्याला पुन्हा दांडा अडला आणि आत कुरकुरलं. दहा झाली. फरक नऊ दशांश.

एनारने टोपी काढली नाही, पण दाराकडून परत आला आणि कागद बघायला लागला.

"आता वेंडेल," डॅग्नी म्हणाली.

मी ओढली. सात दशांश. माझा हात थरथरत नाही, मी पेंडीचं पोतं अजून एका खांद्यावर नेतो.

डॅग्नीने काट्यावरची ताटली उचलली, तिच्यातली पावडर बोटाने पसरली आणि चष्मा कपाळावर ढकलून जवळून पाहिली. मग मला म्हणाली, "वेंडेल, ही तर मोडलेली मॅकरोनी आहे."

मी म्हटलं, काय?

"मॅकरोनी. लांब, पोकळ, आडवीतिडवी. शाळेत साखर, तांदूळ, डाळ मी मापाने घ्यायची, डोळे मिटून सारखी यायची. मॅकरोनी मापाने कधी सारखी आली नाही. एकदा बसते, एकदा नाही. ती मी तोलूनच घ्यायची. आणि ते कुरकुर काय होतं, कांड्या मोडत होत्या ना आत?"

तेव्हा मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. ही गोष्ट मला माहीत होती. नवशिक्या गिऱ्हाईकाला मी स्वतः सांगतो, की बाबा रे, लांब कांडीची पावडर ड्रममधून सारखी पडत नाही, त्याला बारीक गोल दाण्याची घे. सत्तावीस वर्षं सांगतोय. त्या दिवशी भांड्यात एनारची कांड्यांची पावडर माझ्या डोळ्यांदेखत ओतली गेली आणि माझ्या तोंडून शब्द निघाला नाही, कारण मी पावडरीकडे बघतच नव्हतो. मी त्याच्या हाताकडे बघत होतो. नर्स असून सोल्वेगही हाताकडेच बघत होती, आणि एनारसुद्धा. मी हे तिघांना सांगितलं, माफी मागितली आणि मान खाली घालून उभा राहिलो.

एनारने वाकून मापाच्या भांड्यात पाहिलं. मग म्हणाला, "म्हाताऱ्याची पावडरही हीच होती." आपल्या बापाबद्दल बोलत होता तो. "ड्रम खोटं बोलतो एवढंच सांगायचा. पुढचं कधी सांगितलं नाही. त्यालाही माहीत नसणार."

मी धावतच दुकानाच्या पुढच्या भागात गेलो आणि बारीक गोल दाण्याच्या पावडरीचा डबा आणला. झाकण उघडणार तोच एनारने माझा हात धरला. म्हणाला, थांब. बाकावर एका वेळी एकच डबा. आम्हा सगळ्यांना घाई झाली होती आणि त्याला नव्हती. त्याने भांड्यातली जुनी पावडर तिच्याच डब्यात परत ओतली, आणि तिघांच्या मापांतून ताटलीत जमलेली, कांड्या मोडलेली, ती वेगळ्या कागदात घेतली. म्हणाला, ही आता डब्यात जायची नाही, ही गवतावर टाकायची. आमच्याकडे बिघडलेली पावडर अंगणातल्या गवताला घालतात, गवत चांगलं हिरवं येतं. डब्याचं झाकण घट्ट लावून तो डबा त्याने डॅग्नीच्या हातात दिला आणि खोलीबाहेर ठेवायला सांगितला. मग ड्रम सोडवून काढला. त्याची बोटं स्क्रू धरेनात, तेव्हा तेवढं त्याने माझ्याकडून करून घेतलं, पण फडकं त्याने स्वतः फिरवलं. भांडं उजेडाकडे धरून आत पाहिलं. काठाला एक कांडी चिकटली होती, एकच. ती त्याने ब्रशने पाडली, पुन्हा उजेडाकडे धरलं आणि मग म्हणाला, आता आण.

सोल्वेग भिंतीला टेकून हे सगळं बघत होती. पाऊण तास गेला असेल. ती एकदाही घड्याळाकडे बघत नव्हती.

एनार उभा राहिला. दांडा वर, दांडा खाली. आता कुरकुर नव्हती, तुपासारखा ओढला जात होता. मला पंपाची आठवण झाली आणि मी यावेळी मुद्दाम हाताकडे पाहिलं. ओढताना हात खरंच हलत नव्हता. दोन मापांच्या मध्ये थरथरायचा, दांडा धरला की थांबायचा. पहिली पाच मापं अगदी बरोबर आली. सहावं एक दशांश जास्त. मग पुन्हा बरोबर. नववं एक दशांश कमी. दहावं बरोबर.

सोल्वेगने बेरीज-वजाबाकी दोनदा केली. दोन दशांश. अट पुरी झाली होती, काठावर का होईना. गंमत म्हणून मग मीही दहा ओढली. माझा फरक तीन आला. डॅग्नीने तेही कागदावर लिहिलं, आणि तो कागद अजून त्यांच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे.

"मापाचं झालं," सोल्वेग म्हणाली. "पण रिकामी राहिलेली पुंगळी मापामुळे राहिली नव्हती, बाबा. टॉर्चमुळे राहिली होती." तिचं खरं होतं आणि एनारला ते माहीत होतं. त्याने मान हलवली.

"टॉर्च मी धरीन," डॅग्नी म्हणाली.

एनार म्हणाला, "तू? पुंगळीचं तोंड कुठलं आणि बूड कुठलं ते तरी कळतं का तुला?"

"दोनशे वाट्या मांडून सगळ्यांत पुडिंग सारखं आलंय का ते मी रोज बघायचे, एनार. एकही पोरगं रिकाम्या वाटीने गेलं नाही. तू ओत, मी बघते. मी हो म्हटल्याशिवाय गोळी बसवायची नाही."

एनारने माझ्याकडे पाहिलं, जणू मी मध्ये पडेन. मी कशाला पडतोय. तो पुटपुटला की तळघरात आजवर बाई आली नाही. डॅग्नी म्हणाली, चोपन्न वर्षं तिथला केर कोण काढतं मग, हरणं? मला मोठ्याने हसू आलं आणि मग एनारलाही आलं. त्याचं हसणं मी ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा ऐकलं.

मग तो एकदम कामाला लागला. पावडर बदलली म्हणजे सगळं नव्याने करायचं असतं. पुस्तकात दिलेल्या सर्वांत कमी वजनापासून सुरुवात, थोडी थोडी वाढवायची, प्रत्येक वेळी माळावर जाऊन कागदाच्या निशाणावर गोळी झाडून बघायचं, बंदुकीला काय मानवतं ते शोधायचं. आणि त्याच्याकडे बंदुका नऊ घरांच्या. तो बोटांवर मोजायला लागला, जून यांचा, जुलै त्यांचा, ऑगस्टात गव्हाच्या कापणीमुळे कुणी मोकळं नसतं. चाळीस वर्षांची पावडर सोडावी लागते म्हणून तो कुरकुरत होता, आणि कुरकुरता कुरकुरता त्याने माझ्याकडून नव्या पावडरीचे दोन डबे, वही आणि पेन्सिली घेतल्या. रूबार्ब-पाय शेवटी कापला गेला. एनारने दोन तुकडे खाल्ले आणि शर्टावर सांडलं. डॅग्नीने ते पुसलं नाही.

सोल्वेगने खाल्लं नाही. ती मागच्या दाराने बाहेर गेली. मला वाटलं, दमली असेल, वाऱ्यावर उभी राहिली असेल. जरा वेळाने ती परत आली तेव्हा तिच्या हातात कापडी पिशवी होती. ती तिने बाकावर बापासमोर उपडी केली. साठेक पितळी पुंगळ्या खळखळत पडल्या, साफ करून, घासून चकचकीत केलेल्या.

"माझ्या," ती म्हणाली. "यंदाच्या."

एनारने एक उचलली. ती त्याच्या बोटांत थरथरत होती. त्याने तिचं तोंड उजेडाकडे धरलं, आत पाहिलं, मग दुसरी उचलली. डॅग्नी खिडकीकडे तोंड करून ताटल्या एकात एक रचत होती आणि रचून झालेल्या पुन्हा सुट्या करत होती.

मला मात्र एक गोष्ट कळेना, आणि मला कळली नाही की मी विचारतो. सोल्वेग गाडीकडे निघाली तेव्हा मी तिच्याबरोबर बाहेर गेलो. म्हटलं, सोल्वेग, बाबांना जमलं नसतं तर तू बाक बंद करणार होतीस ना?

"हो, वेंडेलकाका. केलाच असता."

मग या पुंगळ्या?

तिने गाडीचं दार उघडलं आणि किल्ली शोधत राहिली. म्हणाली, "आईचा फोन आल्यापासून दोन आठवडे घासत होते. रोज ड्यूटीवरून आल्यावर."